उसनी पिसं

श्रेणिकनं तिला केळ्यांच्या क्रेटमधून आणलं,
वर शाळेचा स्वेटर टाकून.
"बाई, आंधळी झाली काय ही? हलतच नाही."
नाही रे. अंधार केला की घार गप्प बसते.
स्वेटरचं तेवढं बरोबर केलंस.

उजव्या पंखात मांजा.
हाडापर्यंत नव्हता गेलेला,
पण कडेची पाच पिसं देठातून साफ,
नखं काढावीत तशी.
डॉक्टर अडलेल्या म्हशीपायी बेडगला;
टाके मीच घातले.
वनखात्यात फोन लावला, गार्ड म्हणाला,
ठेवा तुमच्याकडंच, आमच्या पिंजऱ्यात माकड आहे.
वहीत लिहिलं : घार. मादी असावी. सहाशे दहा ग्रॅम.
'मालकाचं नाव' या रकान्यात
रेघ मारली.

जखम अकरा दिवसांत भरली.
पिसं भरत नाहीत.
खुंट झडायची वाट बघायची, म्हणजे वर्ष,
आणि वर्षभर कोंबडीच्या माना खात बसलेली घार
पुढं घार राहते का, कोण जाणे.

माझ्याकडं एक्स-रेच्या जुन्या पाकिटात
दुसरीची पिसं होती,
गेल्या उन्हाळ्यात जंक्शनच्या वायरीला चिकटून मेली तिची.
एकेकाला चिठ्ठी : उजवं सहा, उजवं सात.
का ठेवली होती, विचारू नका.

जोडायचं कसं, हे पुस्तकात दीड पान.
हात मात्र पापालालचाचांचे लागले.
दुकानात वर भोपळे टांगलेले, खाली भुसा,
मधे चाचा, एका घोडीची जवारी घासत.
पीस उजेडाला धरलं त्यांनी,
देठ पोकळ बघून हसले :
"हे तर आमच्यातलंच की."

बांबूची काडी तासली, दाभणापेक्षा बारीक,
तीन धारांची, आत फिरू नये म्हणून.
सरस नको म्हणाले, पावसात सुटतो.
नातवाला दोन ट्यूबांचा डिंक आणायला पिटाळलं.
मी पंख पसरून धरलेला,
घारीच्या डोळ्यांवर चाचांची जाळीची टोपी.
अर्धी काडी मेलेलीच्या पिसात,
अर्धी हिच्या खुंटात,
शेजारच्या पिसाशी वाक जुळेस्तोवर
चाचांनी श्वास सोडला नाही.
नववं पीस मिळेना. त्या बिचारीचं नववं जळलेलं.
तिथं आठवंच बसवलं, डावीकडनं आणलेलं उलटं चालत नाही.

"ताणलेल्या दोऱ्यानं कापलं हिला," चाचा म्हणाले,
"आणि आमचं पोट सगळं ताणलेल्या तारेवर."
मी काहीतरी बोलणार होते,
तेवढ्यात तिनं माझ्या अंगठ्यात नखं घातली.

मार्केट यार्डात हळदीचं एक गोदाम रिकामं होतं.
तिथं सोडली.
पहिल्यांदा भिंतीवर आपटली. दुसऱ्यांदाही.
तिसऱ्या दिवशी छताखालून वळली
आणि जमिनीवरची सगळी हळद उठली,
श्रेणिक पिवळा, मी पिवळी,
चाचांची दाढी लग्नातल्यासारखी.
ते कान देऊन बसलेले, बघत नव्हते.
"उजवीकडं जरा उतरलीय," म्हणाले. "चालेल."

कृष्णाघाटावर क्रेट उघडला.
बाहेर येऊन ती आधी चालली,
घार चालताना किती बावळट दिसते!
मग नदीवरून वर, जुन्या पुलावरून वर,
तिथं आणखी सात-आठ होत्या.
कुठलं पीस कुणाचं, खालून कळेना.
थोड्या वेळानं
कुठली घार आपली, तेही.

आता रस्त्यात पीस दिसलं की उचलते,
देठ चिमटीत दाबून बघते.
स्टँडवर, कोर्टाच्या आवारात, एकदा तर मयताला गेले तिथं.
झडलं असेल तर तिचं स्वतःचं आलं असेल,
असा हिशेब.
काडी लागत नाही.

दुकानावरनं गेले की चाचा विचारतात,
"आलं का काही परत?"
अजून नाही म्हणते.
ते मान हलवतात, आणि एखाद्या भोपळ्यावर
बोट वाजवून बघतात,
आतून सुकला का.