यादीतलं शेवटचं नाव

तीन आठवडे मी एक फाँट शोधत होतो,
सारेमा बेटावरच्या बसच्या वेळापत्रकासाठी,
कुरेसारेच्या कचेरीत, हीटरला पाठ लावून.
सापडला अखेर. सडपातळ, ताठ,
त्याचा चार म्हणजे वाऱ्यावर धरलेलं शीड.
आकार बारा. रंग धुक्याचा.
पान मनासारखं झालं. माझ्या.

मग लेइदा कासेमेत्सची चिठ्ठी आली,
कागदावर, शाईत:

"मी दक्षिण टोकाला राहते. एकतीस वर्षं
दीपगृहात हवामानाच्या नोंदी ठेवल्या.
माझ्या संगणकाला मी सांगून ठेवलंय,
अक्षर मोठं, जाड, काळ्यावर पिवळं.
बाकीची पानं ऐकतात. तुमचं तेवढं हट्टी.
मंगळवारी तीनचा आठ वाचला.
थांब्यावर थंडी चांगली होती.

आणि आमच्या थांब्याच्या नावात
डोक्यावर लाट घेतलेला जो ओ आहे,
तो तुमच्या फाँटात नाहीच.
कुठून तरी उसना आणून बसवलाय,
भावंडांच्या फोटोत शेजाऱ्याचा मुलगा तसा.
बेटावरचे आम्ही तो नीट उच्चारत नाही, खरंय.
म्हणून लिहायचाही नाही का?"

शाळेत अक्षराला वळण लावतात.
मी तिच्या डोळ्यांना लावायला निघालो होतो.

रात्री बाराचा खिळा उपटला.
लिहिलं: तुझं एक ते माझं एक,
मथळा त्याच्या दीडपट, बाकी तू ठरव.
धुकं पुसलं. रंगाबद्दल काहीच बोललो नाही.
फाँटांच्या यादीत माझा लाडका ठेवला,
पहिलाच ठेवला, मी काही संत नव्हे,
पण आधी त्याला लाट काढून घेतली
टार्टूच्या एका अक्षरकाराकडून, दोन दिवसांच्या पगारात.
त्याच्यामागे एक साधा, सगळ्यांच्या घरी असणारा.
आणि सगळ्यात शेवटी
नाव नसलेलं नाव:
तुझ्याकडे जो असेल, तो.

रविवारी तिच्याकडे गेलो.
काळा पडदा, पिवळी ठसठशीत अक्षरं,
ओळी भलत्याच ठिकाणी मोडलेल्या,
शीड नाही, काही नाही.
मला माझंच पान ओळखू येईना.

लेइदा खुर्चीतूनच म्हणाली,
"आठ चाळीस,"
आणि कोट शोधायला लागली.