पानाची खालची बाजू

रात्री साडेनऊनंतर ती जागी होते.
नखाएवढी. पांढरे पंख, त्यावर तपकिरी डाग.
तिच्या लेकराला सगळे ओळखतात : वांग्यातली अळी.
तिला कुणी विचारत नाही.

काचेची दुफाटी नळी.
एका फाट्यातून वांग्याच्या पानांवरून आलेली हवा,
दुसऱ्यातून नुसतीच हवा.
ती पाय रोवते, मिशा हलवते,
मग चालू लागते,
खिशात पत्ता असल्यासारखी.
वीसपैकी सतरा जणी. मी वहीत लिहिते.

रोपं सावलीहून येतात
(सावली हे गाव आहे, बडोद्यापासून तासभर).
जेसंगभाई टेम्पोतून उतरवता उतरवता म्हणाले,
बेन, मधल्या सरीत कोथमीर पेरली,
तर हिला दारच सापडेना.
म्हणून त्या फाट्यात कोथिंबिरीची जुडीही ठेवली.
ती दुबेळक्यात थांबली.
मागे वळली. पुन्हा आली.
पाच मिनिटं झाली की लिहायचं : निवड नाही.

रावपुऱ्यातलं ते तिसरं घर.
मालकीणबाईंनी दार अर्धं उघडलं
आणि एक श्वास घेतला, फक्त एक.
सुकटीचा डबा आईने देवगडहून
तीन पिशव्यांत बांधून दिला होता,
मी केसही धुतले होते.
जागा गेली, बेन, त्या म्हणाल्या.
पाटी दसऱ्यापर्यंत लोंबत होती.

शेवटी वारसियात मिळाली खोली, गच्चीवरची.
तिथे वाराच इतका
की कुणाचं काय शिजतं ते कळत नाही.

काल पिंजऱ्याची जाळी कुठेतरी सैल राहिली असणार.
आज ओढणी झटकताना दिसलं :
आतल्या बाजूला, शिवणीच्या आडोशाला,
चार अंडी. खसखशीहून बारीक.
दिवसभर रोपं उचलली होती त्याच ओढणीने.
अंधारात, कुठून कुठून येत,
तिने माझा वास घेतला
आणि तिला वाटलं, हेच.

सुती कापडावर काय खाणार ती?
आणि मी तर त्यांना मारायचंच शिकतेय,
पगारही त्याचाच.
ओढणी धुतली नाही. खुंटीला राहू दिली.

चौथ्या दिवशी ती केशरी झाली.
मी सुरी घेतली,
एक वांगं उभं चिरलं.
भाजीसाठीच आणलं होतं.