चौथा माणूस

आमच्या ट्रॉलीला चार दांडे, म्हणून चार माणसं.
हे गणित दाऊद मापारींनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
आडवलीच्या शेडमध्ये, रॉकेलच्या डब्यावर वाकून
प्लगची काजळी खरवडताना.
"इंजिन बंद पडलं तर ढकलता येतं.
ब्रेक गेला तर चाकाला लाकूड घालता येतं.
पण गाडी आली तर हिला उचलावीच लागते,
आणि तिघांना ती उचलत नाही. मी बघितलंय."
काय बघितलं, ते कधीच बोलले नाहीत.

दोन सिलिंडरचं इंजिन, माझ्या वडिलांच्या वयाचं,
घाटावरच्या कुठल्याशा लाइनीवर झिजून इकडे आलेलं.
खारी हवा त्याला मानवली नाही.
रविवारी पुसलेले बोल्ट बुधवारी तांबडे.
पॉइंटमधली फट दाऊदभाई पोस्टकार्डाच्या कडेनं मोजत,
बहिणीचं कार्ड, दाभोळहून आलेलं, ईदची खुशाली.
पंधरा वर्षं तेच एक.
ब्रेकचे ठोकळे ऐनाचे, स्वतः तासलेले.
ओले असले की घसरतात,
म्हणून निघण्याआधी यार्डात दोनदा दाबायचे;
जळक्या लाकडाचा वास आला की म्हणायचे,
"हां. आता ऐकते."

आणि चाकं.
चाकांच्या पोटात फायबरचे बुश.
वीज या रुळावरून त्या रुळावर जात नाही.
"म्हणजे सिग्नलला आपण दिसत नाही, रहाटे.
इथं पाच माणसं बसलेली असतात
आणि मास्तरच्या पॅनेलवर हा तुकडा मोकळा.
आपण आहोत, हे एका कागदाला माहीत."
तो कागद ते खिशात ठेवत नसत.
मोठ्यानं वाचत, आकडा न् आकडा,
मग आमच्यातल्या एकाला वाचायला लावत.

बोगद्याच्या तोंडाशी इंजिन बंद.
आत पाण्याची टिपटिप, वटवाघळांचा उग्र दर्प.
ते रुळावर तळवा टेकत,
तवा तापलाय का बघावं तसा.
आम्ही खोकलासुद्धा गिळायचो.

शिमग्यात पालखी आमच्या वाडीत आली.
रात्रभर नाचवली.
जाग आली तेव्हा ऊन पार पायरीवर.
धावलो. कपाळावर गुलाल तसाच.

साहेब म्हणत होते, "तिघं पुरे. गाडीला अजून दोन तास आहेत."
दाऊदभाई म्हणाले, "मग दोन तास थांबू."

मी पोचलो तेव्हा ट्रॉली रुळाबाहेर,
साहेब पेपरच्या आड,
आणि दाऊदभाई डब्यातले फटाके मोजत होते,
धोक्याच्या वेळी रुळावर बांधायचे ते.
दहा होते. पुन्हा मोजले. दहाच.
माझ्याकडे बघितलं नाही.
"दांडा धर," म्हणाले.

त्या दिवशी काहीच झालं नाही.
अवेळी गाडी आली नाही, दरड सुटली नाही.
एक घोरपड रूळ ओलांडत होती,
तिच्यासाठी ब्रेक लावला. ऐनाचा वास आला.
संध्याकाळी वहीत त्यांनी लिहिलं:
निघायला एक तास दहा मिनिटं उशीर. कारण, माणूस अपुरा.
माझं नाव घातलं नाही.
खाली, रोजच्यासारखं, सुखरूप परत.
अशा वह्या अठरा. वाळवीनं तीन खाल्ल्या.

आता ट्रॉलीला नवा लाल रंग आहे.
वर्षातून एकदा पाहुण्यांसाठी
सायडिंगवर दोनशे मीटर चालवतो.
पोरं हसतात, "काका, इथं कुठली गाडी येणार?"
खरं आहे. कुठलीच नाही.

मी पोस्टकार्डाची कड पॉइंटमध्ये सरकवतो.
शाई उडालीय, फक्त "खुशाल" एवढं वाचता येतं.
ब्रेक दाबतो, एकदा, दोनदा.
मग माणसं मोजतो.
तिघं.

बसा, म्हणतो. चहा घ्या.