तिसऱ्या नोडवरची बाई

कायानी, फेब्रुवारी. रात्रीचे दोन वाजून दहा.
बाहेर उणे सत्तावीस, सर्व्हरखोलीत बरोब्बर वीस,
आणि माझ्या हातात चौदा ओळींची यादी,
सहा पेन्सिलीनं खोडून झाल्यात.

रुग्णालय झोपत नाही. म्हणून ते जागं असतानाच
त्याचे कपडे बदलायचे असतात:
एक बाही काढायची, दुसरी चढवायची,
अंग कुठेच उघडं पडू द्यायचं नाही.

चार नोड. पहिल्याला सांगितलं, आता नवी माणसं घेऊ नकोस.
त्यानं घेतली नाहीत. आत होती ती आपापली निघून गेली.
मग त्याला थांबवला, जुनी आवृत्ती काढून बाजूला ठेवली
(ठेवली, फेकली नाही; तेवढं शहाणपण
एका फसलेल्या रविवारानं शिकवलं),
नवी बसवली, सुरू केला.
लॉगमध्ये ओळी धावल्या, शेवटी एकच शब्द: तयार.
दुसराही तसाच, गुणी.

तिसऱ्यावर एक सेशन उरलं.
दोन पंचवीसला एक. दोन चाळीसलाही एकच.
वॉर्ड पाच-ब, हुत्तुनेन आर.
माझ्याकडे बटण आहे, त्यावर 'सक्तीने' असं लिहिलेलं,
आणि ओउलूहून योर्मा विचारतोय: काय अडलंय?
साडेतीनला खिडकी बंद होते.
आम्ही तिला खिडकीच म्हणतो, तिच्यातून दिसत काही नाही.

जेवत्या माणसापुढचं ताट ओढू नये,
हे कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.
मी फोन उचलला.

"हो, मीच," ती म्हणाली. "नऊ नंबरचे आजोबा गेले,
एक वाजता. त्यांच्या वस्तूंची नोंद करतेय.
चष्मा घरी राहिलाय, एका बोटानं चाललंय.
फार घाई आहे का तुम्हाला?"

नाही, म्हटलं. आणि तेव्हाच आठवलं,
नव्या आवृत्तीत तो रकाना नाही.
'इतर' नावाचा, ऐसपैस, काहीही लिहून घेणारा.
त्या जागी आता यादी: घड्याळ, अंगठी, कवळी,
फोन, रोख रक्कम. निवडा, पुढे जा.
बैठकीत मान मीही डोलावली होती.
तो रकाना एन्सिओनं केलेला, निवृत्तीच्या आधी,
आणि कोडमध्ये शेजारी लिहून ठेवलेलं:
इथे मर्यादा घालू नका. माणूस काय घेऊन येईल, सांगता येत नाही.
ती ओळ मीच पुसली, मार्च महिन्यात, नीटनेटकेपणासाठी.

"काय काय आहे?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.
ती टाइप करत करत वाचत गेली:
लोकरी मोजे, एक जोड, टाचेला लाल धाग्यानं रफू केलेले.
गळाचा पत्र्याचा डबा, रिकामा.
शब्दकोडं, अर्धं सोडवलेलं, उभे शब्द सगळे बाकी.
मोजे राखाडी लिहू की करडे, ती म्हणाली.
तुमच्यासमोर आहेत, तुम्हीच ठरवा.
बराच वेळ फोनमध्ये नुसता तिचा श्वास.
"करडे," ती म्हणाली. मग एक कळ वाजली.

तीन अकराला सेशन शून्य.
तिसरा थांबवला, बदलला, उठवला. मग चौथा,
तो उठताना जरा कुरकुरला, डेटाबेस सापडेना म्हणाला,
मग सापडला.
तीन अठ्ठावीसला योर्माला कळवलं: चारही झाले.
पण अडलं काय होतं, त्यानं परत विचारलं.
इतर, मी लिहिलं.
त्याला वाटलं, वाक्य अर्धं राहिलंय. तो वाट बघत राहिला.

यादीतल्या चौदाही ओळी खोडल्या.
खाली पंधरावी घातली: तो रकाना परत.
आणि सोळावी, कारण हे मी दर वेळी विसरते:
गाडी काढण्याआधी हीटरची वायर उपसणे.