पाठपुरावा सुटलेले

माझ्या प्रबंधाच्या एकशे चौदाव्या पानावर
एक तळटीप आहे, कुणीच न वाचलेली:
बेचाळीस रुग्णांपैकी सहाजणांचा पाठपुरावा सुटला.
कारण नोंदवलेले नाही.

बेळगावहून आलेल्या परीक्षकांनीही ते विचारलं नाही.
पी पॉइंट झिरो फोर बघून मान हलवली,
भडंगाची दोन पाकिटं घेतली
आणि संध्याकाळच्या गाडीने गेले.
गुळवणी सर म्हणाले, झालीस डॉक्टर.

त्यानंतर एकोणीस वर्षं मिरजेत, दुसऱ्या मजल्यावर
(फिजिओथेरपी विभाग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद,
हा विनोद आमचा आम्हीच करायचो)
मी शिकवत आले,
टाके निघायच्या आधी स्नायूला जागं कसं करायचं.
गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी.
खाली दाबा. धरा. सहा मोजा. सोडा.
रुग्ण 'दुखतंय' म्हणेल, ते ऐका,
पण कितव्या अंशावर म्हणाला ते लिहा.

मोजून मोजून डोळ्यांना खोड लागली.
भाचीच्या लग्नात नमस्काराला वाकलेली नवरी
मला दिसली ती अशी: कंबरेत सत्तर, मान तीस.

नोंद क्रमांक सत्तावीस.
मालन बंडगर, वय एकतीस, काम हळद निवडणे.
हातगाडीवरून पडून गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे,
तारेने बांधून एक केलेले.
तिसरा आठवडा, अठ्ठावन्न अंश.
चौथ्या आठवड्याचा रकाना कोरा.
मी दोन पोस्टकार्डं टाकली,
मग पेन्सिलने एक आडवी रेघ.

यंदा मार्चमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात शिबिर होतं.
मुलांनी सतरंजी अंथरली, बॅनर बांधला.
हवेत हळदीची धूळ, जेवणाच्या सुट्टीपर्यंत
सगळे एप्रन नवरदेवाच्या मावसभावांसारखे.
शेडच्या टोकाला एक बाई
गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी करत होती.
उकिडवी बसून.
टाचा जमिनीला टेकलेल्या.
साडी गुडघ्याच्या वर सरकलेली, आणि तिथे
शिरोळकर सर्जनची उभी शिवण,
शेवटचा टाका नेहमीप्रमाणे जरा डावीकडे.

मी नाव विचारायच्या आधी तीच म्हणाली,
"टावेलवाली बाई न्हवं का तुमी?"

का आली नाहीस, हे विचारायला उशीर झाला होता.
तरी विचारलं.
"शिजन लागला हुता, बाई. हजरी बुडली की जागा जाती.
टावेल कुठला आनू, पोत्याचीच घडी घातली.
बसायचं तर हुतंच.
पयलं चार पोत्यांवर बसले, मग तिनावर, मग दोनावर.
ज्या दिशी शेवटचं पोतं काढलं
त्या दिशी लई रडले. मग निवडाय लागले."

चार. तीन. दोन.
याला आम्ही टप्प्याटप्प्याने वाढवलेला ताण म्हणतो
आणि खाली संदर्भाला अकरा नावं लिहितो.

खिशातून गोनिओमीटर काढला. ती नको म्हणाली नाही,
हळद निवडायचीही थांबली नाही.
एक पट्टी मांडीशी, एक पोटरीशी, मधला खिळा सांध्यावर.
एकशे छत्तीस.
पुन्हा लावून बघितला.
प्रबंधातल्या चांगल्या गटाची सरासरी
एकशे एकवीस होती.

लिहायला रकाना नव्हता.
उठताना माझाच गुडघा वाजला,
हात आपोआप मांडीवर गेला.
"हात नका टेकू," मालन म्हणाली, मान वर न करता,
"पायाला उठू द्या. तुमीच सांगितल्यालं."

तेव्हापासून गोनिओमीटरवर एक पिवळा डाग आहे.
स्पिरिटने निघत नाही.
पहिल्या वर्षाची मुलं विचारतात,
मॅडम, हे काय लागलंय?
मी म्हणते, आधी डागाखालचा आकडा
वाचता येतोय का बघा.