चोचीला काम

इतवारीतून सूर्यफुलाच्या बिया आणायचो, किलोनं.
गबरू दुसऱ्या कशाला शिवायचा नाही.
मीही पुरवत गेलो, अकरा वर्षं.

चोच वाढली,
जुन्या खिडकीच्या रंगासारखे पापुद्रे सोडत
छातीला टेकायला आली.

ढोबळे डॉक्टरीणबाईंनी कानस चालवली.
टेबलावर पांढरा भुगा.
"यकृतावर चरबी आहे. गाजर द्या, शेवग्याचा पाला,
कुरतडायला लाकूड.
चोच वाढायची थांबत नाही, काका. झिजवावी लागते."

आता दुपारी कूलरसमोर आम्ही दोघं.
तो निंबाची काडी सोलतो.
मी, वीज मंडळातून सुटलेला,
संत्र्याच्या फोडीतून एकेक बी काढतो.
फोड त्यानं खाली फेकली. गाजर तर आधीच.

"काऊन बे?" मी म्हणालो.
काडीवरची मान न उचलता तो म्हणाला,
"काऊन बे."