चार दहा ते चार सोळा

ठराव क्रमांक एकशे बेचाळीस.
विषय : कोंडवाड्याची जागा, दोन एकर सात गुंठे,
लिलावाने विकण्याबाबत.

इतिवृत्त माझ्या हातचं आहे.
निळी शाई, उजवीकडे कललेलं अक्षर,
काना कुठे मोडलेला नाही.
त्यात लिहिलंय :
'सदर विषयात हितसंबंध असल्याने
मा. सदस्य लोटन झुलाल भामरे सभागृहाबाहेर गेले.
वेळ चार वाजून दहा मिनिटे.'

गेले, हे खरं आहे.
व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपाशी
खिडकीला पाठ लावून उभे राहिले.
काचेवर पांढऱ्या शर्टाचा एक चौकोन.
सूचक त्या चौकोनाकडे बघत उठला,
अनुमोदक त्या चौकोनाकडे बघत बसला.
मी मान वर केली, तर दारातून आवाज :
"मी भायेरच शे. लिखी ले."

लिहिलं.

हितसंबंध हा शब्द परिपत्रकातून येतो.
आमच्या तापीकाठी त्याला सोयरीक म्हणतात,
आणि सोयरिकीला कुणी व्हरांड्यात उभं करत नाही.
तिला पाट मांडतात,
खापरावरचे मांडे वाढतात, वर तूप.

त्याआधी नगररचनेचे साहेब पाहणीला आले होते.
नाकाला रुमाल लावून शेरा मारला :
'जागा पाणथळ. शेणामुताचा वास. मागणी अल्प.'
भाव पडला.
साहेबांचा मुलगा धुळ्याला आर्किटेक्ट.
त्याने ले-आउट काढला तेव्हा
वास कागदावर आला नाही.
चाळीस प्लॉट, नऊ मीटरचा रस्ता,
आणि कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीची बाग,
जी अजून पेन्सिलीतच आहे.
नकाशावरची तारीख लिलावाच्या आधीची होती.
मला वाटलं, टंकलेखनाची चूक.
म्हणजे, तसं वाटून घेतलं.

कोंडवाड्यावर दित्या पावरा राखणदार होता.
दुसऱ्याच्या रानात तोंड घालणारं जनावर
आणायचं, कोंडायचं, दंड घेऊन सोडायचं.
त्याचं रजिस्टर मीच जमा करून घेतलं.
अक्षर म्हणजे गवताच्या काड्या.
'तांबडी गाय १, एक शिंग मोडकं.
गिरासेंच्या कपाशीत. दंड पंधरा.'
'हेला १. शाळेच्या आवारात. दंड वीस.'
आणि मधेच एका पानावर :
'शेळी १, काळी. मालक दित्या.
केळीत सापडली. दंड पाच. भरला.'
खाली पावती डकवलेली.
देणाऱ्याचा अंगठा, घेणाऱ्याचा अंगठा,
एकच.

त्या पानाशी मी बराच वेळ होतो.
पंखा फिरत होता, पान फडफडत होतं,
कुणीतरी जिन्यावरून हाक मारली.
मग रजिस्टर मिटलं आणि वर लिहिलं :
'अभिलेख निरुपयोगी. नष्ट करावा.'

चार सोळाला लोटनअण्णा आत आले.
खुर्ची अजून कोमट असणार.
सर्वानुमते झालं होतं. त्यांनी विचारलंही नाही.
"चहा सांग रे सगळ्यास्ले," म्हणाले,
आणि माझ्याकडे बघून, जरा हळू,
"तुना बी इचार करेल शे."

प्लॉट नंबर एकोणतीस.
उताऱ्यावर माझ्या मेहुण्याचं नाव.
मेहुणा शहाद्याला असतो,
त्याने जागा अजून बघितलेली नाही.
कुणी विचारलं तर सांगतो,
पाहुण्यांची आहे,
मी आपला झाडांना पाणी घालायला येतो.

संध्याकाळी एक गाय येते.
तांबडी. शिंगं दोन्ही शाबूत,
म्हणजे ती नव्हे, तिची कालवड असेल.
जिथे कोंडवाड्याचं फाटक होतं
तिथे येऊन उभी राहते,
कुणी आत घ्यायची वाट बघावी तशी.
हाकललं तर दोन पावलं मागे, परत तिथेच.
मी पाइप तिच्या पुढ्यात सोडतो.
पाणी पिते.
हलत नाही.